हवेचा जमाखर्च : घर, रुग्णालय आणि आरोग्य

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार, कर्मचारी व नागरिक यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी मी आपल्यासमोर उभा राहतो तो हिशेबाचे कागद घेऊन. किती देणगी आली, औषधांवर किती खर्च झाला, किती रुग्णांना सवलत दिली, याची माहिती देणे हे माझे काम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा नाही. म्हणून आज आरोग्याच्या विषयावर बोलण्याचे धाडस करताना प्रथम डॉक्टर मंडळींची क्षमा मागतो. तथापि हा विषय माझ्यासमोर आला तो पुस्तकातून नव्हे, तर एका प्रस्तावाच्या निमित्ताने. आपल्या नियोजित बाह्यरुग्ण इमारतीचा नकाशा विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यातील प्रतीक्षागृह पूर्ण बंद, काचेचे आणि वातानुकूलित असावे, यंत्रांचा खर्च आपण उचलू, असे एका उदार देणगीदारांनी कळविले आहे. त्यांच्या भावनेबद्दल मनात केवळ आदर आहे. मात्र त्या प्रस्तावावर निर्णय होण्यापूर्वी हवेचा हिशेब आपल्यापुढे मांडणे मला कर्तव्य वाटते.

माणूस दिवसाला दीड-दोन किलो अन्न खातो, दोन-तीन लिटर पाणी पितो. आणि हवा मात्र सुमारे दहा ते बारा हजार लिटर आत घेतो. अन्न आपण पारखून घेतो, पाणी गाळून-उकळून घेतो. हवेचे बिल येत नाही, म्हणून तिची चौकशीही कोणी करीत नाही. आयुष्याचा बहुतांश काळ आपण चार भिंतींच्या आत काढतो. त्यामुळे आपण कोणती हवा घेणार, हे पुष्कळसे घर बांधणारा गवंडी आणि इमारतीच्या खर्चावर सही करणारा माझ्यासारखा माणूस ठरवितो.

केसपेपरवरील रकाना

आमच्या केसपेपरवर पूर्वीपासून एक रकाना आहे : ‘व्यसन – तंबाखू, बिडी, दारू’. छातीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या वयस्कर स्त्रियांच्या कागदांवर या रकान्यात बहुधा ‘नाही’ असे लिहिलेले असते. चालताना धाप, पहाटेचा खोकला, हिवाळ्यात पुनःपुन्हा भरती, आणि निदान मात्र जन्मभर बिडी ओढणाऱ्याला व्हावे तसे. एकदा नोंदणीच्या खिडकीवर मी स्वतः बसलो असताना एका आजींना हा प्रश्न विचारला गेला. त्या म्हणाल्या, “बिडीचा वासबी सोसत नाही मला, साहेब.” सोबत आलेली सून सहज बोलून गेली, “पण चुलीपुढं सारा जन्म गेला की त्यांचा.” त्या वाक्यासाठी आमच्या कागदावर रकाना नव्हता.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीत फुप्फुसाच्या जुनाट विकारातून उद्भवणाऱ्या हृदयविकाराचा अभ्यास करून तो १९५९ साली प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा आजार कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांची नजर स्वयंपाकघरातील धुराकडे वळली होती. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी प्रा. पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील दीर्घकालीन श्वासरोधी विकारावर लेख लिहिला आणि जैविक इंधनाचा धूर हे त्याचे मोठे कारण असल्याचे जगासमोर ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाख सदतीस हजारांहून अधिक होती.

त्या दिवसानंतर आम्ही केसपेपरवर आणखी एक रकाना छापून घेतला : ‘स्वयंपाकाचे इंधन व धूर जाण्याची वाट’. छपाईचा खर्च नगण्य होता. या रकान्यातील उत्तरे वाचताना मला माझ्या लहानपणीचे एक घर आठवू लागले.

माळवदाचे सवणे

आपल्या मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे येथील ज्येष्ठांनी पाहिलेली आहेत. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. चोर-दरोडेखोरांच्या भीतीने बाहेरच्या भिंतीला खिडकी नसायचीच. परंतु स्वयंपाकघराच्या माथ्यावर, छतात, एक चौकोनी वा गोल भोक हमखास असे. त्याला आपण सवणे म्हणतो, कोणी साणे म्हणतात. त्यातून उन्हाचा कवडसा चुलीपाशी उतरायचा आणि धूर वर निघून जायचा. पावसात त्यावर फरशी किंवा पत्रा झाकीत. ऊन हवा वर जाते आणि तिच्या जागी दारातून गार हवा आत येते, एवढे साधे शास्त्र त्यामागे होते.

या घरांचे मी गुणगान करू इच्छित नाही. सवणे असूनही भिंती काळ्या होत आणि सासुरवाशिणींचे डोळे पाझरत. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय घडले, ते आपण कोणीही विसरलेलो नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावांवर याच जड भिंती आणि हेच मातीचे छत कोसळले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली. त्या पहाटेचा हादरा आपल्या भागानेही अनुभवला.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. भूकंपात न पडणारे घर हा त्या वेळचा पहिला निकष होता आणि तो योग्यच होता. पण त्या धास्तीने ज्यांची घरे पडली नव्हती, त्यांनीही पुढील वर्षांत माळवदे उतरविली. कोणी स्लॅब टाकला, बहुतेकांनी पत्रे टाकले. छत हलके झाले, जीव सुरक्षित झाला. परंतु माळवदासोबत सवणेही गेले. स्लॅबला भोक ठेवायचे कोणाला सुचले नाही आणि पत्र्याच्या खोलीत चूल मात्र तीच राहिली. जुन्या घरातील मरणाचे कारण आपण काढून टाकले, आणि त्याच घरातील श्वासाची वाटही त्याबरोबर बुजविली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. घराचा विचार करताना हवेचा विचार कोणाच्या यादीत नव्हता, एवढेच.

चूल, कॉइल आणि बाळंतिणीची खोली

चुलीचा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. महाराष्ट्रात धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल पुष्कळ घरांत पोचली. ती चांगली होती. पण धुराडे काजळीने तुंबते, ते वेळोवेळी साफ करावे लागते, फुटल्यास बदलावे लागते. या देखभालीची तरतूद जेथे झाली नाही, तेथे सुधारित चूल पुन्हा साधी चूल झाली. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांनी गॅस पाहिला नव्हता तेथे तो पोचला. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५९ टक्के आणि ग्रामीण भागातील अवघी ४३ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले.

आपल्या तालुक्यातील घरोघरी काय चालते, हे आपण जाणतो. टाकी आहे, पण ती चहाला आणि पाहुण्यांना. ज्वारीच्या भाकरी, डाळीचे भांडे आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातून फुकट मिळतात, गोवऱ्या घरच्या असतात; टाकी भरायला रोख पैसा लागतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची चूल तर कोपीतच पेटते. कमी उत्पन्नाच्या बाईने केलेला हा हिशेब चुकीचा आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. फक्त त्या हिशेबात एक रक्कम लिहिलेली नसते, ती फुप्फुसातून वसूल होते आणि तिची पावती वीस-तीस वर्षांनी आमच्या रुग्णालयात फाटते.

धूर केवळ चुलीचा नसतो. डासांसाठी आपण रात्री कॉइल लावतो आणि दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. चीन आणि मलेशियातील कॉइल तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याचे आढळले होते. ज्या घरात कोणी बिडीला शिवत नाही, त्या घरातील लहान मूल रात्रभर कोणत्या हवेत झोपते, याचा विचार व्हावा. मच्छरदाणी हा जुना उपाय आजही अधिक स्वस्त आणि अधिक निर्धोक आहे.

आणखी एक नाजूक विषय. आपल्याकडे बाळंतिणीची खोली बंद ठेवण्याची पद्धत आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, कपाट ओढून झाकलेली खिडकी. का, तर बाळाला आणि आईला वारे लागू नये. या पद्धतीमागे आजी-सासूची माया आहे, हे मी जाणतो. परंतु कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. आणि ज्या नवजात बाळाची फुप्फुसे काही दिवसांपूर्वी प्रथमच उघडली आहेत, त्याला धुरीचा धूर सोसत नाही. आमच्या प्रसूती विभागात परिचारिका सकाळी खिडकी उघडतात आणि नातेवाईक ती दुपारी बंद करतात. या विषयावर वाद घालण्याऐवजी समजावून सांगावे, अशी सूचना मी सर्वांना दिली आहे. बाळ उबदार गुंडाळावे, आईच्या कुशीत ठेवावे, झुळूक थेट अंगावर येऊ देऊ नये. पण खोलीतील हवा मात्र खेळती असावी.

मुंबईचा धडा

इमारत आणि आजार यांचे नाते ओळखण्यासाठी महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या साथीनंतर १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. कोंदट चाळींत उजेड आणि हवा शिरावी म्हणून न्यासाने एक नियम आखला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. सोप्या भाषेत सांगायचे तर इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीसमोर हवी. तीस फूट उंचीला पंधरा फूट. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले होते. प्लेग हवेने नव्हे तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. न्यासाच्या पाडकामात अनेक गरिबांची घरेही गेली. असे असले तरी क्षयरोगाच्या दृष्टीने उजेड आणि हवेचा तो नियम अचूक होता.

हे सिद्ध व्हायला त्याच मुंबईत शंभराहून अधिक वर्षे गेली. गोवंडी-मानखुर्द परिसरात पुनर्वसनाच्या तीन वसाहती आहेत : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी.एम.जी.पी. वसाहत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील अभ्यासकांनी तेथे केलेली पाहणी २०१८ च्या सुमारास प्रकाशात आली. पहिल्या दोन वसाहतींत उंच इमारती एकमेकींना अगदी खेटून, काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. तेथे क्षयाचे प्रमाण मोकळ्या बांधणीच्या पी.एम.जी.पी. वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. आणि जेथे ऊन-वारा पोचत नाही, अशा खालच्या मजल्यांवर तर विशेष. माणसे एकाच परिस्थितीतून आलेली, शहर तेच. फरक खिडकीसमोरील मोकळ्या जागेचा.

आपल्या तालुक्यातून पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेली कितीतरी माणसे अशाच खोल्यांत राहतात आणि खोकला घेऊन दिवाळीला गावी येतात. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एकाहून अधिक आपल्या देशात आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. क्षय औषधांनी बरा होतो, हवेने नव्हे. मद्रास येथील क्षयरोग केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, औषधे नियमित घेतल्यास घरी राहणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. म्हणून कोणी गोळ्या सोडून गच्चीवर झोपू नये. हवेचे काम दुसरे आहे : एकाचा आजार शेजाऱ्याकडे जाऊ न देणे.

माझ्या हातून झालेली चूक

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे बोललो, त्याकडे येतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आपल्या बाह्यरुग्ण विभागासमोर उघडा व्हरांडा होता. बाकांवर रुग्ण बसत, कडुनिंबाचा वारा येई, धूळही येई. रुग्णालय नीटनेटके आणि आधुनिक दिसावे म्हणून मी तो व्हरांडा ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काचा लावून बंद करून घेतला. आत दोन एसी बसविले. प्रस्ताव माझा, अंदाजपत्रक माझे, सही माझी. त्या वर्षीच्या अहवालात ‘सुसज्ज प्रतीक्षागृह’ म्हणून त्याचे छायाचित्रही आपण छापले होते.

मला तेव्हा ठाऊक नव्हते की, भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतील तीच हवा गार करून पुन्हापुन्हा फिरवितो. छताचा पंखाही हवा ढवळतो, बदलत नाही. म्हणजे गरोदर भगिनी, तान्ही बाळे, मधुमेही वृद्ध आणि खोकणारे रुग्ण यांना एका बंद खोलीत बसवून, एकाच हवेचे वाटप करण्याची व्यवस्था मी खर्च करून उभी केली होती.

काही वर्षांनी त्याच प्रतीक्षागृहात दिवसभर काम करणाऱ्या आपल्या एका मावशींना क्षयाचे निदान झाले. त्या औषधोपचाराने पूर्ण बऱ्या झाल्या, आजही कामावर आहेत. त्यांना संसर्ग कोठे झाला हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि मीही सांगत नाही. पण त्यांच्या रजेच्या अर्जावर सही करताना काचा लावण्याच्या कागदावरची माझी सही माझ्या डोळ्यांसमोर होती.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली. त्या भीतीने आम्ही प्रथम व्हरांड्याच्या काचा काढल्या. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने खेळत्या हवेवर भर देणारी मार्गदर्शिका काढली, तेव्हा आमचा तो निर्णय शास्त्रालाही धरून असल्याचे समाधान मिळाले. वस्तुतः शास्त्र त्याआधीच उपलब्ध होते. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांचा अभ्यास करून २००७ साली असे दाखविण्यात आले होते की, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या १९५० पूर्वीच्या इमारतींमध्ये हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलते, नव्या इमारतींमध्ये खिडक्या उघडूनही १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांमध्ये १२ वेळा. क्षयाच्या संसर्गाची अनुमानित जोखीम जुन्या इमारतींत ११ टक्के, तर यंत्रांच्या खोल्यांत ३९ टक्के निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या सर्वसाधारण वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी ६० लिटर ताजी हवा मिळावी. हिशेब करून पाहू. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच असे प्रतीक्षागृह म्हणजे १८० घनमीटर. आत वीस रुग्ण असतील तर सेकंदाला १२०० लिटर हवा लागेल. म्हणजे दर अडीच मिनिटांनी खोलीतील संपूर्ण हवेइतकी ताजी हवा, तासाला चोवीस वेळा. समोरासमोरच्या उघड्या खिडक्यांतून हे विनामूल्य साधू शकते. बंद खोलीत यंत्राने साधायचे तर यंत्र, वीज, गाळण्या आणि देखभाल हा कायमचा खर्च, आणि वीज गेली की सारे ठप्प. हवा तासाला बारा वेळा बदलत असेल तर हवेतील ९९ टक्के जंतू बाहेर जायला सुमारे २३ मिनिटे लागतात. दोनच वेळा बदलत असेल तर सव्वादोन तासांहून अधिक. त्या सव्वादोन तासांत किती जण त्या बाकावर बसून उठतात, ते नोंदणीची वही सांगते.

आक्षेप आणि विनंती

यावर काही रास्त आक्षेप आहेत. मुखेडच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. रुग्णाला उन्हात भाजावे काय? मुळीच नाही. त्यासाठी रुंद सावलीचा व्हरांडा, निदान बारा फूट उंच छत, गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा थर आणि पूर्व-पश्चिमेस झाडे हवीत. डास येतात, त्यासाठी जाळी हवी. आणि जाळीने वारा अडतो म्हणून खिडकी अधिक मोठी हवी. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे गाळलेली, नियंत्रित हवाच हवी आणि तेथील खर्चात काटकसर करू नये. माझे म्हणणे प्रतीक्षागृह, सर्वसाधारण वॉर्ड आणि क्षय तपासणीच्या जागेपुरते आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती अशी. नव्या इमारतीच्या नकाशात प्रतीक्षागृहाच्या दोन्ही समोरासमोरच्या भिंतींना उघडणाऱ्या खिडक्या असाव्यात. खिडकी-दारांचे उघडे क्षेत्र जमिनीच्या निदान एक पंचमांश असावे. आणि छताजवळ ऊन हवा निघून जाण्यासाठी झरोके असावेत, आपल्या जुन्या सवण्यासारखे. खोकणाऱ्या रुग्णांसाठी उघड्या व्हरांड्यात वेगळी बाके आणि तोंडाला मास्क असावा. आपल्या आदरणीय देणगीदारांना मी हात जोडून विनंती करतो की, त्यांनी यंत्रांसाठी योजलेली रक्कम या उंच छतासाठी आणि खिडक्यांसाठी द्यावी. एसीवर दरवर्षी घसारा लिहावा लागतो आणि काही वर्षांत तो भंगारात जातो. योग्य जागी ठेवलेली खिडकी इमारत उभी असेपर्यंत काम करते. त्यांच्या नावाची पाटी त्या खिडकीखाली लावताना मला अधिक आनंद होईल.

सहकाऱ्यांना विनंती अशी की, खिडक्या उघडण्याचे काम औषध देण्याइतकेच महत्त्वाचे मानावे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक लहान यंत्र आपण घेतले आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचा आकडा दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. खोलीत तो हजाराच्या वर गेला की हवा शिळी झाली असे समजावे; ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच सुचविली होती. प्रत्येक पाळीत हा आकडा नोंदवहीत लिहिला जावा आणि ती वही महिन्याअखेरीस माझ्याकडे जमाखर्चाच्या वहीसोबत यावी.

नागरिक बंधू-भगिनींना, विशेषतः घर बांधणाऱ्यांना, विनंती अशी की, गवंड्याला स्वयंपाकघराच्या भिंतीत छतालगत एक हात लांबीचा झरोका ठेवायला सांगावा. पत्र्याचे घर असेल तर आढ्याशी फट ठेवून वर टोपी बसवावी. चूल शक्य तितकी ओसरीत वा परसात न्यावी, भांड्यावर झाकण ठेवावे, ओल्या काड्या जाळू नयेत, आणि स्वयंपाक चालू असताना तान्हे मूल चुलीपाशी नसावे. टाकी असेल तर ती पाहुण्यांपेक्षा घरच्या सुनेसाठी अधिक वापरावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती शासकीय केंद्रात विनामूल्य होते.

ज्या आजींच्या उत्तरामुळे आमच्या केसपेपरवर नवा रकाना आला, त्या पुढेही दोन हिवाळे आमच्याकडे येत राहिल्या. त्यांच्या मुलाने नंतर स्वयंपाकघराचे दोन पत्रे उचलून मध्ये फट ठेवली, असे त्यांच्या सुनेने आम्हांला सांगितले. आजींच्या फुप्फुसांना त्याचा फारसा उपयोग होण्याची वेळ टळून गेली होती. पण त्या घरात आता दोन लहान नाती आहेत.

 नकाशावरील निर्णय आता आपल्या हाती आहे.